आधी खनिज, मग जिलेटिन

श्रोतेहो, नमस्कार. मासळीवर प्रक्रिया करताना खवल्यांचे ढीग साचतात आणि बहुधा ते इतर टाकाऊ भागाबरोबर फेकले जातात. खवल्यात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन असते आणि त्याच्या तंतूंमध्ये घट्ट रुतलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, म्हणजे आपल्या हाडांत असते त्याच जातीचे कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज. ते खनिज काढले की गरम पाण्यात कोलॅजनचे जिलेटिन, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारखे गोठणारे प्रथिन, होऊन सहज उतरते. आधी खनिज, मग जिलेटिन, हा क्रम ध्यानात ठेवावा.

एका प्रशिक्षणवर्गातला प्रसंग मला आवर्जून सांगावासा वाटतो. मासे साफ करण्यात आयुष्य घालवलेल्या एक बाई तेथे आल्या होत्या. धुतलेले खवले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकताच बारीक बुडबुडे उठले आणि काही वेळाने थांबले, तेव्हा काम संपले असे बहुतेकांनी धरून चालले. बाईंनी मात्र हातमोजा घालून एक खवला उचलला, पाण्याखाली धुतला, बोटाभोवती गुंडाळून पाहिला आणि म्हणाल्या, "कडा वाकते, पण मधे अजून ताठ आहे." आम्ही आम्ल बदलले, थोड्या वेळाने त्यातले काही थेंब काढून अमोनियाने उदासीन केले आणि त्यांत अमोनियम ऑक्झलेट घातले. द्रावण पांढरे गढूळ झाले, म्हणजे कॅल्शियम अजून बाहेर पडत होते. बुडबुडे येतात ते खनिजातल्या थोड्याशा कार्बोनेटमुळे. फॉस्फेट मात्र बुडबुड्यांवाचून विरघळते. बुडबुडे थांबले म्हणजे खनिज संपले, असे नव्हे. पुढे ताज्या आम्लातले थेंब नितळ राहिले, तेव्हा तोच खवला काचेसारखा पारदर्शक झाला होता आणि सहज गुंडाळला जात होता. हाताने काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेत मागच्या बाकावर बसवण्याची आपली रीत मला मुळीच मान्य नाही.

आम्ल तीव्र किंवा गरम असेल तर कोलॅजनचेही तुकडे पडतात, म्हणून ते सौम्य आणि थंडच वापरावे. आम्लाऐवजी वापरता येणारे ईडीटीए हे रसायन कॅल्शियमला धरून ठेवते आणि कोलॅजनला जपते, पण त्याला वेळ आणि खर्च अधिक लागतो.

उरलेले आम्लपाणी गटारात ओतू नये, कारण खवल्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट आता त्यातच असते. त्यात चुन्याचे पाणी हळूहळू घालत गेल्यास कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. तो गाळून, धुऊन आणि वाळवून खतासाठी वापरता येतो.