दिसत नाही म्हणजे नाही असं नाही

मंडळी, सुरुवात आमच्या घरापासूनच करतो. खालच्या मजल्यावर दादा-वहिनी, वर मी. माझ्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमवर चालणारा, आणि घरातले झाडून सगळे फोटो त्याच्यात. वहिनींचा लॅपटॉप विंडोजचा, त्यावरून त्या घरच्या नेटवर्कने माझ्याकडचे फोटो उघडतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जिन्यातूनच हाक आली, "भाऊजी, तुमचा कॉम्प्युटर परत गायब झाला हो!"

मी विचारलं, गायब कुठून? तर विंडोजच्या 'नेटवर्क' विंडोतून, आणि शॉर्टकटही उघडत नव्हता. या दोन तक्रारी आधी वेगळ्या करा. त्या विंडोत नाव दिसणं ही एक गोष्ट आणि फोल्डर उघडणं ही दुसरी. निम्मी माणसं पहिलीच्या मागे लागून रात्र घालवतात.

पूर्वी ही नावांची यादी तयार व्हायची ती नेटबायॉस या जुन्या नेटवर्क-पद्धतीवर. मशीन ओरडून आपलं नाव सांगायची आणि त्यांच्यातलं एक मशीन चक्क निवडणुकीने यादी सांभाळायला बसायचं. हे सगळं एसएमबी १ या, नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायच्या जुन्या प्रोटोकॉलच्या आधाराने चालायचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ च्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ येईनासा झाला, आणि लिनक्सवरची फोल्डर विंडोजला उघडून देणाऱ्या सांबा या प्रोग्रामनेही पुढे ४.११ आवृत्तीत तो डीफॉल्ट बंद केला. यादी गेली ती अशी. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या नव्या पद्धतीने शोध घेतं. सांबाला स्वतःला ते येत नाही, त्यासाठी लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो. यादीसाठी एसएमबी १ परत चालू करायचा सल्ला कोणी दिला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

सांबा हे नाव कुठून आलं, ते जाता जाता सांगतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेलने हे काम सुरू केलं. आधीचं नाव वापरता येईना, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले, त्यात 'सांबा' सापडला. नाच वगैरे काही संबंध नाही.

तर यादी सोडा, थेट पत्ता टाका. फाइल एक्स्प्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.२४. वहिनींच्या शॉर्टकटमध्ये हाच पत्ता होता, तरी उघडेना. वर जाऊन लिनक्सला पत्ता विचारला, तर म्हणालं १९२.१६८.१.३१! संध्याकाळी लाइट जाऊन आली होती. राउटर नव्याने उठला आणि त्याने पत्ते नव्याने वाटले. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मशीनच्या मॅक पत्त्यासाठी (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवला की हा प्रश्न कायमचा मिटतो. मी आळस केला होता, दुसरं काही नाही.

पत्ता बरोबर असून उघडलं नाही, तर पुढे बघायचं. पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' असं मशीनला विचारणाऱ्या आज्ञेवर, फार विसंबू नका. बाहेरचे नको ते संपर्क अडवणारा विंडोजचा फायरवॉल पिंगला बहुधा उत्तरच देत नाही, विशेषतः वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर. खरा दरवाजा ४४५ नंबरच्या पोर्टचा. लिनक्सवर बसून एसएमबी-क्लायंट (smbclient) या आज्ञेने त्याच मशीनकडे त्याच्या शेअर केलेल्या फोल्डरांची यादी मागा. स्वतःला उत्तर मिळतंय आणि बाहेरून मिळत नाही, तर बहुतेक फायरवॉल आडवा आलाय, किंवा एक मशीन पाहुण्यांच्या वायफायवर आहे. बरेच राउटर गेस्ट वायफायवरच्यांना घरच्यांशी बोलू देत नाहीत. आणि त्यांचं तेच काम आहे.

नव्या पत्त्यावर फोल्डर सापडलं आणि विंडोजने पासवर्ड मागितला. जतन केलेला पासवर्ड जुन्या पत्त्याच्या नावावर होता, नव्याला तो काय माहीत! वहिनींनी चार आकडी पिन टाकला. चूक. पुन्हा तोच, जरा जोरात बटणं दाबून. मी म्हटलं, "वहिनी, हा पिन फक्त तुमच्या लॅपटॉपच्या दाराचा, वरच्या मजल्यावर चालत नाही." इथे सांबाचा पासवर्ड लागतो, आणि तो लिनक्सच्या लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा ठेवलेला असतो. एसएमबीपासवर्ड (smbpasswd) ही आज्ञा देऊन तो वेगळा नेमावा लागतो. पाच वर्षं लिनक्स वापरणारेही इथे पडतात, मी दोनदा पडलोय. पासवर्ड नको म्हणून 'गेस्ट' उघडं ठेवायची युक्ती आता कामाची नाही, विंडोज ११ प्रो २४एच२ पासून असं निनावी येणं-जाणं डीफॉल्ट बंद आहे.

आत गेल्यावरही 'परवानगी नाही' आलं, तर सांबाला दोष देऊ नका. सांबा हो म्हणालं तरी लिनक्सचं होम फोल्डर नाही म्हणू शकतं. उबुंटूने (मिंट ज्याच्यावर बेतलेलं आहे ते लिनक्स) २१.०४ आवृत्तीपासून नवी होम फोल्डर इतरांना बंद केली आहेत. फोटो होमच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

त्या रात्री फोटो उघडले. मग वहिनींनी विचारलं, "या काही फाइलींची नावं अशी तुटकी का? ही शेपटी कसली?" नावात मी वेळ घातली होती, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन. लिनक्सला ते चालतं, विंडोजला चालत नाही, म्हणून सांबाने नाव आखडून पुढे नागमोडी रेघ लावली होती. ती नावं मला एकेक करून बदलावी लागली.