कसर कशाला लागते?

मित्रहो, आयुष्य अल्प आहे हे सांगायला व्याख्यान लागत नाही. ते आपण सगळेच जाणतो, आणि जाणूनही 'जरा सवड मिळाल्यावर', 'मुले मोठी झाल्यावर' अशा मुदती स्वतःला देत राहतो. म्हणूनच बायबलमधील, मोशेच्या नावाने दिलेल्या ९०व्या स्तोत्रातील एक मागणे मला विचारात पाडते. आमच्या आयुष्याची वर्षे ७०, फार तर ८०, असे म्हणणारा हा स्तोत्रकर्ता आयुष्य वाढवून मागत नाही. आम्हांला आमचे दिवस गणायला शिकव, असे म्हणतो. ७० वर्षांचे दिवस साडेपंचवीस हजारांच्या आसपास भरतात. हा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल, मग तो देवाकडून शिकण्याची वेळ का यावी? मला वाटते, गेलेले दिवस आपण बिनचूक मोजतो. उरलेल्यांचा आकडा ठाऊक नसल्यामुळेच ते संपणार नाहीत असे धरून चालतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातील धनवानानेही तेच धरले होते. वारशाच्या वाटणीचा तंटा घेऊन आलेल्या एका माणसाच्या निमित्ताने येशूने हा दाखला सांगितला. त्यातल्या धनवानाने कोणाला लुबाडले नव्हते, त्याच्या जमिनीला उदंड पीक आले होते आणि ते ठेवायला जागा नव्हती, एवढेच. जुनी कोठारे पाडून मोठी बांधावीत हा त्याचा बेत व्यवहाराला धरूनच आहे. खटकते ते त्याचे बोलणे: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव, आणि हे सारे तो स्वतःशीच बोलतो, त्या घरात दुसरे कोणी असल्याची चाहूलही लागत नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. येथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते दिलेले परत मागण्यासाठी वापरतात. ज्याला तो 'माझा जीव' म्हणत होता, तो त्याच्याकडे उसना होता.

एका वृद्ध नातलगांच्या निधनानंतर त्यांचे कपाट आवरायला मी गेलो होतो. तळाशी कागदात गुंडाळलेला एक लोकरी कोट निघाला. चांगल्या प्रसंगासाठी राखलेला, बहुधा एकदाही न घातलेला. उलगडला तर पाठीवर चाळणीसारखी भोके. शेजारच्या खुंटीवर त्यांचा रोजचा स्वेटर होता, कोपरांवर विरलेला, पण कसर न लागलेला. कसरीच्या अळीला अंधार आणि निवांतपणा लागतो. जे नेहमी वापरात असते, झटकले जाते, तिथे तिचा जम बसत नाही. 'पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका, तेथे कसर व जंग नाश करतात' हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायातील येशूचे वचन मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ते साठवण्याविषयी आहे हे मला त्या कपाटासमोर कळले. वेळेचे तर साठवणेही शक्य नाही; तो न वापरताच सरतो.

'स्वर्गात संपत्ती साठवा' या त्याच अध्यायातील आज्ञेला आपण सनातनातील, म्हणजे अनंतकाळातील, गुंतवणूक म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण मला तो थोडा धोक्याचाही वाटतो, कारण गुंतवणूक म्हटली की परताव्याचा हिशेब ओघानेच येतो आणि दानाचा सौदा होतो. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, कर्मांनी नव्हे, असे बायबलमधील इफिसकरांस पत्रात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा सनातन जीवन विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो हातातले उसने आपण कोणावर खर्च करतो याचा. भुकेल्याला दिलेले अन्न, आजाऱ्याच्या उशाशी घालवलेली रात्र, तुरुंगातल्या माणसाची भेट: मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्याय करणारा राजा, म्हणजे ख्रिस्त, याच गोष्टी स्वतःसाठी केलेल्या म्हणून ओळखतो, आणि ज्यांनी त्या केल्या त्यांना त्या आठवतही नसतात. हिशेब ठेवणाऱ्याला असे विसरणे जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, आधी मन तयार व्हायला हवे. मात्र येशूने क्रम उलटा सांगितला आहे: जेथे तुझे धन, तेथे तुझे मन लागेल. आधी वेळ आणि पैसा जातो, मागून मन जाते. ज्या आजाऱ्याकडे आपण कंटाळत जाऊ लागतो, त्याची चौथ्या-पाचव्या भेटीनंतर काळजी वाटू लागते.

माणसाला मातीत परत धाडणाऱ्या देवाविषयी बोलत सुरू झालेले ते ९०वे स्तोत्र शेवटी आमच्या हातचे काम सिद्धीस ने, असे मागते, आणि तेच मागणे लगेच पुन्हा म्हणते.