गिअर पोटात, नजर बाकीच्यावर

नमस्कार श्रोतेहो.

गिअरची सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पोरांची सायकल येते. मागच्या चाकाला सहा-सात चकत्यांचा गठ्ठा, त्याखाली लोंबणारा लोखंडी हात, आणि त्यातून वळसे घेत गेलेली चेन. पोळ्याच्या आधीच्या झडीत ती सायकल पांदणीतून वावरापर्यंत नेऊन पाहा. आपली काळी माती त्या हाताच्या दोन बारक्या चाकांत जाऊन बसते, त्यात पऱ्हाटीची एखादी काडी अडकली की चेन जागची हलत नाही. सायकल उजव्या अंगावर पडली की हात वाकतो, मग गिअर सरकतात, कटकट वाजतात, लागत नाहीत. शेवटी मिस्त्री चेन कापून एकाच चकतीवर बांधून देतो. पैसे एकवीस गिअरचे गेलेले असतात आणि सायकल चालते एका गिअरवर.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या जातीच्या गिअरबद्दल. यात सगळे गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध जिथून स्पोक निघतात त्या डब्याच्या, पोटात असतात. बाहेरून पाहाल तर पुढे एक चेनव्हील, मागे एकच दातेरी चकती आणि सरळ ताणलेली चेन, अगदी आपल्या काळ्या सायकलीसारखी. ही नवी करामत नाही. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब 1902 च्या सुमारास आलं. आज ती कंपनी तैवानी मालकांकडे आहे आणि हब अजून निघतात. जपानच्या शिमानोचं नेक्सस हे तीन, सात आणि आठ गिअरमध्ये येतं. तयार सायकलींवर बहुधा यांपैकीच एखादं नाव दिसेल.

आत काय असतं? मधोमध धुऱ्याला, म्हणजे चाकाच्या आसाला, पक्कं बसलेलं एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, आणि या सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ पुष्कळदा हीच रचना असते. स्टर्मीच्या तीन गिअरच्या प्रसिद्ध हबात मधल्या चाकाला 20 दाते आणि कड्याला 60. चेनचा जोर कड्याला दिला आणि छोट्या चाकांच्या चौकटीतून बाहेर घेतला, की चकतीच्या एका फेऱ्यात सायकलचं चाक पाऊण फेरा फिरतं. हा चढाचा गिअर. जोर उलट्या वाटेने दिला की चाक एक फेरा आणि वर एक तृतीयांश फिरतं. हा उताराचा, नाहीतर मागून वारा असतानाचा. मधल्या गिअरमध्ये जोर सरळ चाकाला जातो, चकतीचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा.

याचा सगळ्यात मोठा फायदा मोजमापात दिसत नाही. सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. कॅरिअरवर संत्र्याचं क्रेट बांधलेलं आहे, समोरून एसटी आली, तुम्ही चढावर पाय टेकलात. हँडलची खटकी दाबायची, हलका गिअर लावायचा आणि निघायचं. चकत्यांच्या सायकलीला हे जमत नाही, तिला गिअर बदलायला चेन फिरती लागते. हबच्या गिअरला एकच पथ्य आहे. चालत्या सायकलवर गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडायचा. पॅडलवर उभं राहून, दात ओठ खाऊन गिअर बदलाल तर आतले दाते झिजतील.

आता विकत घेण्याचं. दुकानदार आधी गिअर किती ते सांगेल. माझं म्हणणं उलटं आहे. हब सहसा दगा देत नाही. सायकल अडवून ठेवतात त्या हबच्या भोवतालच्या वस्तू: टायर, ट्यूब, वॉल, स्पोक, केबल. आणि शहरात तयार झालेल्या सायकलवर नेमक्या याच वस्तू आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत.

टायरच घ्या. आपल्या काळ्या सायकलीचा टायर 28 इंची, दीड इंच रुंद. त्याच्या रिमचं माप 635 मिलिमीटर. शहरी सायकलींच्या टायरवरही कधी 28 लिहिलेलं असतं, पण ते बहुधा 700 सी असतं आणि त्याचं माप 622. फरक फक्त 13 मिलिमीटरचा, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, कितीही ओढा. 26 इंचातही हीच गंमत आहे. जुन्या लेडीज सायकलीचं 26 वेगळं, 590 चं, आणि जाड टायरच्या रेंजर सायकलीचं 26 वेगळं, 559 चं. म्हणून दुकानात 26 की 28 विचारू नका. वाकून टायरच्या कडेवर पाहा, 47-622 असं काहीतरी उठावात लिहिलेलं असतं. मागचा आकडा खरा. 559 असेल तर टायर तालुक्याला सहज मिळेल. ऑफिसवाल्यांना 700 सी झोकदार वाटतं, सडकेवर पळतंही छान, पण खेड्यात राहणाऱ्याला मी 559 च घ्यायला सांगेन. 622 चीच सायकल आवडली असेल तर दोन टायर आणि दोन ट्यूब त्याच दिवशी बांधून आणा.

वॉलचंही पाहा. मोटारसायकलसारखा जाड वॉल असला की पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. बारीक, टोकाला पेच असलेला वॉल असेल तर त्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसणार नाही. हॉलंडातल्या रोजच्या वापराच्या सायकलींना मात्र पुष्कळदा आपल्यासारखाच, आत रबरी नळी असलेल्या जातीचा वॉल असतो. तो चालेल.

पंक्चरची भीती फार लोक घालतात. मागचं चाक काढायचं म्हणजे आधी गिअरची केबल सोडवा, मग नट, ही भानगड कोण करणार, असं म्हणतात. पण आपल्याकडे पंक्चर काढायला चाक काढतोच कोण? मिस्त्री सायकल उलटी करतो, टायरची डावी कड दोन पट्ट्यांनी उचलतो, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून हवा भरतो आणि घमेल्यातल्या पाण्यात धरतो. बुडबुडा दिसला की तिथे घासून ठिगळ. बाभळीचा काटा टायरमध्ये तुटून राहिलेला असतो, तो आतून बोट फिरवून शोधतो. चाक जागचं हलत नाही, केबलला हात लागत नाही. चाक काढायची पाळी येते ती टायर किंवा ट्यूब बदलताना. तेव्हा नेक्ससच्या सात-आठ गिअरच्या हबला आधी पहिला गिअर लावायचा, मग केबल सोडायची आणि 15 च्या पान्याने नट काढायचे. नटाखालचे दाताळे वायसर डावे-उजवे वेगळे असतात. तेच धुऱ्याला फिरू देत नाहीत. ते हरवले तर गिअर बसणार नाहीत. मिस्त्रीला हे एकदा दाखवून ठेवा, हुशार माणूस आहे, पुन्हा सांगावं लागणार नाही.

स्पोकची गोष्ट चाक आउट झाल्यावर कळते. काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला 40 भोकं असतात. गिअरच्या हबांना बहुधा 36. म्हणजे खड्ड्यात रिम वाकली तर गावच्या दुकानातली रिम बसत नाही. शिवाय हब जाड, म्हणून स्पोक आखूड लागतात. त्या मापाचे सात-आठ स्पोक घेऊन सीटखालच्या नळीला टेपने गुंडाळून ठेवा.

धुरा जिथे बसतो ती खाच आडवी, लांब असावी. चेन ढिली झाली की चाक मागे ओढून ताणता येते. खाच उभी असेल तर चेन ताणायला वेगळा जुगाड लागतो, आणि कधी तो जुगाड म्हणजे पुन्हा तोच लोंबणारा हात. मग हबचे गिअर घेऊन मिळवलं काय? चेनवर पूर्ण कव्हर घ्या, अर्धं नको. चेन जागा बदलत नाही म्हणूनच ते बसू शकतं. माती बाहेर राहते, साडी-ओढणी अडकत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मधे बोट सहज जाईल इतकी जागा हवी, नाहीतर काळ्या मातीत चाकच जाम होतं.

ब्रेकमध्ये साधे, रिमवर रबर दाबणारे घ्या, गुटके कुठेही मिळतात. काही हबांना पॅडल मागे मारलं की लागणारा ब्रेक असतो. आपल्याकडे टांग टाकण्याआधी पॅडल उलटं फिरवून हवं तिथे आणायची सवय आहे. त्या ब्रेकवर ते फिरतच नाही.

गिअर किती, हे आता. वर्धा, अकोला, बुलढाण्याच्या सपाट भागात रोज शाळा-बँक-बाजार करणाऱ्याला तीन गिअर पुरे. मेळघाटात, परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्याला आठ हवेत. नेक्ससच्या तीनमध्ये हलका गिअर मधल्याच्या 73 टक्के असतो. आठमध्ये सरळ गिअरच्या जवळजवळ 53 टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. एक स्वस्त युक्ती सांगतो. पुढे 44 दाते आणि मागे 18 ची चकती असेल तर मागे 22 ची बसवून घ्या. चकती एका स्प्रिंगच्या कड्याने अडकवलेली असते, काम दहा मिनिटांचं. सगळेच गिअर हलके होतात. आपल्याकडे गिअर कमी पडतो तो ओझं घेऊन चढताना. पळायची घाई कुणाला आहे?

देखभालीत दोन वर्षांतून एकदा, वापर जास्त असेल तर 5000 किलोमीटरनंतर, हब उघडून तेल-ग्रिस करवून घ्यायचं. गाडी धुण्याच्या जोरदार पाइपचं पाणी हबवर मारू नका. नाल्याला पूर असताना सायकल धुऱ्यापर्यंत बुडवून पार करू नका, उचलून न्या.

बिल करण्याआधी दुकानासमोर चालवून पाहा. काही गिअरमध्ये आतून टिकटिक ऐकू येते, तो दोष नव्हे. पण पॅडलला झटका बसला किंवा ते रिकामं फिरलं, तर केबल जुळलेली नाही. सात-आठच्या नेक्ससला चौथा गिअर लावा, मागच्या हबजवळ वाकून पाहा. दोन छोट्या रेषा दिसतात, त्या एका ओळीत हव्यात. तीनच्या नेक्ससला हे दुसऱ्या गिअरवर पाहतात. रेषा सरकलेल्या असतील तर केबलच्या टोकाची बारकी चकरी फिरवून दुकानदाराकडून तिथेच जुळवून घ्या, आणि चकरी कोणत्या बाजूला फिरवली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा. नवी केबल चालवून चालवून थोडी ताणते, महिन्या-दोन महिन्यांनी ती चकरी तुम्हालाच फिरवावी लागेल.