डिझेल फिल्टर घरी बदलताना

(पुण्यात वाहनमालकांच्या एका संध्याकाळच्या बैठकीत झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी. इंजिन ऑइलचा फिल्टर कुठं असतो ते बऱ्याच जणांना माहीत असतं. एअर फिल्टर तर शाळकरी पोरंही काढून झटकतात. डिझेल फिल्टरचं नाव काढलं की मात्र उत्तर येतं, "ते सर्व्हिसिंगला टाकल्यावर बघतात की." बघतात का? बिलावर लिहिलेलं असतं एवढं खरं. घरी गेल्यावर बॉनेट उघडून बघा. आजूबाजूला बोटभर धूळ आणि मधोमध कोरा करकरीत डबा दिसला, तर बदललाय. डब्यावरही तीच धूळ असेल तर बिल घेऊन परत जा.

मी स्वतः पंप-नोझलचा माणूस, म्हणजे डिझेल दाबून पुढं पाठवणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारं नोझल. गाडीची बाकी कामं मी करत नाही. फिल्टरच्या पुढं जे असतं, ते बिघडलं की माझ्या टेबलावर येतं. जुन्या पद्धतीचं नोझल आम्ही हाताच्या टेस्टरवर लावतो. दांडा दाबला की चांगलं नोझल टर्र-टर्र असं बोलतं आणि टोकातून धुक्यासारखा फवारा निघतो, डिझेलचा थेंब म्हणून दिसत नाही. खराब झालेलं नोझल मुकं असतं. दांडा दाबला तर बारीक धार लागते, आणि दांडा सोडल्यावर टोकाशी एक थेंब लटकत राहतो. तो थेंब सिलिंडरमध्ये पडतो तेव्हा नीट जळत नाही, काळा धूर होऊन मागून बाहेर येतो. तुम्ही म्हणता गाडी धूर मारतेय, मी म्हणतो तिचं नोझल गळतंय. आणि ते का गळतंय याचं उत्तर फार वेळा मागं फिल्टरपाशी सापडतं.

थोडे आकडे सांगतो, म्हणजे एवढं सोवळं का पाळायचं ते कळेल. तुमच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, म्हणजे साधारण सव्वादोन बार. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागायचा. आताच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथं पंप सगळ्या नोझलांसाठी एकाच सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाचं डिझेल भरून ठेवतो तिथं, तोच दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. नोझलचं भोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. पंपाच्या आतले दोन भाग एकमेकांत सरकतात, त्यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या बोटावरची जी धूळ तुम्हाला दिसतही नाही, ती त्या फटीच्या दृष्टीनं दगड आहे. आणि पंपाला वेगळं ऑइल नसतं. बहुतेक गाड्यांत डिझेल हेच त्याचं वंगण. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चं डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत १० भागांवर आणलं. आधी ते ५० होतं. हवेसाठी उत्तमच झालं, पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो. तो भरून काढायला कंपन्या त्यात वेगळं द्रव्य मिसळतात. पाण्याला मात्र कोणी बुळबुळीत करू शकत नाही. पाणी पंपात गेलं की तिथं घासायला सुरुवात.

पाणी येतं कुठून, असं प्रत्येक जण विचारतो आणि लगेच पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेतो. कधी कधी तो खराही असतो. पण जून ते सप्टेंबर गाडी सोसायटीत अर्ध्या टाकीवर उभी असते तेव्हा काय होतं बघा. दिवसा टाकी तापते, रात्री गार होते, गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढते. त्या हवेतलं पाणी टाकीच्या पत्र्यावर दवासारखं जमतं आणि खाली उतरतं. डिझेल हलकं, पाणी जड, त्यामुळे ते तळाला बसतं आणि थोडं थोडं फिल्टरकडं येतं. फिल्टरच्या पोटाला खाली जो छोटा स्क्रू असतो, तो हे पाणी सोडायला. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागत असेल तर तो लागल्यावर "पुढच्या रविवारी बघू" म्हणू नका. पाणी सोडा, मग गाडी हलवा.

आता काम. आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते ओळखा. जुनी सुमो, जुनी ट्रॅक्स, अशा गाड्यांचा पंप मेकॅनिकल. त्यांना हातपंप असतो, कुठं फिल्टरच्या डोक्यावर (फिल्टर ज्याला खालून बसतो तो गाडीवरचा भाग), कुठं पंपाच्या पोटाशी. या गाड्या माफ करणाऱ्या आहेत. दुसऱ्या जातीत सगळ्या कॉमन रेल गाड्या. आपल्या रांजणगावला फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन बनायचं, त्याच घराण्याचं इंजिन स्विफ्टलाही होतं. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी त्या गाड्या पुण्यात अजून ढिगानं फिरतायत. या गाड्यांचं काम घरी होतं, पण हात जपून. आणि ज्यांचा फिल्टर गाडीच्या पोटाखाली आहे, किंवा बदलल्यावर आत शिरलेली हवा कॉम्प्युटर लावून काढावी लागते, त्यांनी घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोनचारशे रुपये मजुरी वाचवायला गाडी जॅकवर उचलून खाली शिरण्यात शहाणपण नाही.

इंजिन गार हवं. बंद केल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. बॅटरीची मायनस काढा. आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा. डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही, पण डिझेलनं भिजलेली चिंधी गरम सायलेन्सरवर पडली तर पेटते. फिल्टरच्या खाली अल्टरनेटर किंवा पट्टा असेल तर त्यावर प्लॅस्टिक आणि वर जाड फडकं टाका. डिझेल पट्ट्याचं रबर खराब करतं.

यानंतर बहुतेक लोक पाना हातात घेतात. तो खाली ठेवा, ब्रश घ्या. फिल्टरचं डोकं, पाइपांचे जोड, आजूबाजूची खाच, सगळं आधी झाडून, पुसून घ्या. पुण्याची धूळ काय असते ते मी सांगायला नको, त्यात मेट्रोची आणि रस्त्याची कामं. तुम्ही फिल्टर काढलात की त्याच्या डोक्याची स्वच्छ बाजू उघडी पडते. त्या क्षणी वरून खडा जरी पडला तरी नवा फिल्टर त्याला अडवू शकत नाही, कारण तो फिल्टरच्या पुढं पडलेला असतो. थेट पंपात जातो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पंपांची कथा "परवाच फिल्टर बदलला हो" इथून सुरू होते. पुसायला सुती चिंधी नको, तिचे धागे सुटतात. धागे न सोडणारं कापड वापरा.

पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. येणारा कुठला, जाणारा कुठला, परतीचा कुठला, हे नंतर आठवत नाही. फिल्टरवर बाण असतो, तो बघा. आताच्या पाइपांना प्लॅस्टिकचे दाबायचे जोड असतात. दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि सरळ ओढायचं. निघत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की कान तुटतो, आणि तो जोड बऱ्याचदा सुटा मिळत नाही, अख्खा पाइप घ्यावा लागतो. काढलेल्या पाइपांची तोंडं लगेच स्वच्छ टोपणांनी बंद करा.

जुना फिल्टर फेकू नका. त्यातलं डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत ओता आणि तासभर बाजूला ठेवा. घरी काम करण्याचा खरा फायदा हा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. तपकिरी बारीक माती बसली तर टाकीत गंज आहे. आणि पाणी आणि डिझेल यांच्या मधोमध काळपट, शेवाळासारखी बुळबुळीत साय दिसली, तर टाकीत जंतू वाढलेत. खोटं नाही, डिझेलवर जगणारे सूक्ष्म जंतू असतात. ते पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. तसं असेल तर फिल्टर बदलून उपयोग महिन्याभराचा. टाकी उतरवून धुवा.

नवा बसवण्याआधी डोक्याकडं नीट बघा. जुनी रबरी रिंग तिथंच चिकटून राहिली असेल तर नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसते, आणि दोन रिंगांवर बसलेला फिल्टर गळणारच. नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवा. फिरकीचा, म्हणजे डब्यासारखा फिरवून आवळायचा, फिल्टर असेल तर रिंग टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, बस. त्याला पाना लावू नका. तांब्याचे वायसर असतील तर नवे घाला.

इथं एक जुना वाद आहे: नवा फिल्टर बसवताना डिझेलनं भरून लावायचा की कोरडा? जुने मेस्त्री भरून लावतात, कारण मग हवा कमी काढावी लागते. मेकॅनिकल गाडीला ते चालून जातं, तेही कडेच्या बारीक भोकांतून भरलं तर. मधलं मोठं भोक बहुतेक फिल्टरांत गाळलेल्या बाजूचं असतं. त्यातून कॅनमधलं डिझेल ओतणं म्हणजे न गाळलेलं डिझेल स्वतःच्या हातानं पंपात पाठवणं. कॉमन रेलला मी म्हणेन, कोरडा लावा आणि गाडीच्याच सोयीनं भरा.

हवा काढणं हा अर्ध्या लोकांचा घाम काढणारा भाग. हातपंपाची गाडी असेल तर फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि पंप मारत राहा. आधी फस-फस, मग फेस, मग बुडबुड्यांशिवायचं सलग डिझेल. ते आलं की डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. हातपंप कडक झाला की समजा भरलं. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडा, चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. दहा सेकंद थांबा, बंद करा, परत ऑन. असं चार-पाच वेळा. टाकीतून गुणगुण ऐकू येते. मगच सेल्फ मारा, दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर दम द्या. हवा असताना उगाच सेल्फ मारत राहिलात तर बॅटरी उतरतेच, शिवाय कॉमन रेलचा पंप कोरडा फिरतो. कोरडा फिरलेला पंप धातूचा चुरा सोडतो, तो रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये (नोझल ज्याच्या टोकाला असतं त्यात) जातो, आणि मग लाखाच्या घरातलं बिल येऊ शकतं.

आणखी एक, हे हात जोडून सांगतो. मेकॅनिकल गाडीची हवा निघत नसली की नोझलचे नट सैल करून सेल्फ मारतात. ती युक्ती कॉमन रेलवर कधीही करायची नाही. त्या दाबाची अदृश्य धार कातडीतून आत घुसते. टोचल्यासारखं वाटतं, रक्तही फारसं येत नाही, पण डिझेल आत पसरलेलं असतं. बोट जाऊ शकतं. तसं झालंच तर थेट हॉस्पिटल गाठा आणि प्रेशरचं डिझेल घुसलंय असं शब्दांत सांगा, नाहीतर तिथं मलमपट्टी करून घरी पाठवतील.

गाडी सुरू झाली की पाच-दहा मिनिटं चालू ठेवून सगळे जोड कोरड्या कागदानं टिपून बघा. बाहेर गळती दिसली नाही म्हणून सुटलात असं नाही. टाकीत पंप नसलेल्या गाडीत फिल्टरपर्यंत डिझेल ओढून येतं. चिरलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढलात तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच इथं. त्यामुळे खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर डिझेल टाकीकडं परत गेलं असेल तर गाडी उशिरा उठते. तसं झालं तर रिंग आणि जोड परत तपासा.

प्रश्न घेतो. एका ताईंनी विचारलंय, बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? किलोमीटर तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेले आहेत, ते प्रत्येक इंजिनाला वेगळे, माझ्या तोंडून घेऊ नका. लक्षण मात्र सांगतो. सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालते. कात्रजला किंवा खंबाटकीला, गाडी भरलेली असताना, जिथं नेहमी तिसऱ्या गिअरवर चढायची तिथं दुसरा मागते. जोर लावला की इंजिनाला जास्त डिझेल हवं असतं आणि तुंबलेला फिल्टर ते देऊ शकत नाही.

कॉम्प्रेसरनं हवा मारून जुना परत लावला तर? नको. कागद आतून फाटतो, बाहेरून दिसत नाही.

फिल्टर कुठून घ्यायचा? नाना पेठेत सगळं मिळतं, हुबेहूब डब्यातली नक्कलही मिळते. पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. भाव फारच कमी सांगितला तर कारण विचारा.

शेवटचा प्रश्न सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा दिसतोय: पार्किंगमध्ये सांडलं तर? खाली आधीच पुठ्ठा आणि ट्रे ठेवा. सांडलंच तर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपा, पाणी ओतून गटारात ढकलू नका. डांबरावर राहिलं तर डिझेल डांबर विरघळवतं आणि पावसाळ्यात तिथूनच खड्डा सुरू होतो. जुना फिल्टर निथळून, पिशवीत घालून गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडे जळक्या ऑइलचा पिंप असतो. आणि डिझेलचे कपडे घरच्या मशीनमध्ये टाकू नका. पुढच्या चार धुण्यांना वास येतो, आणि मग घरात जे ऐकावं लागतं त्यावर माझ्याकडे उपाय नाही.