बिघडलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक

नमस्कार श्रोतेहो. ऑनलाइन लिलावावर बोला म्हणाले, आणि मला आधी आठवला तो एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तेव्हा पहिल्यांदा त्याची गोष्ट. नियमबियम मागाहून, वेळ उरला तर.

साल १९९५, सप्टेंबरची सुरुवात. कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार नावाचा अठ्ठावीस वर्षांचा प्रोग्रॅमर राहायचा. जोडून सुट्टी आली, तेव्हा घरी बसून त्यानं एक छोटी वेबसाइट तयार केली. नाव ठेवलं ‘ऑक्शनवेब’. विकायचंय त्यानं वस्तू मांडावी, हवीय त्यानं बोली लावावी. दुकान तर थाटलं, पण दुकानात ठेवायचं काय? घरात एक लेझर पॉइंटर पडून होता. भिंतीवर लाल ठिपका पाडतो ना, तो. सेल बदलून झाले, तरी ढिम्म. गड्यानं तोच मांडला. आणि वर्णनात काय लिहिलं? बिघडलेला आहे. पुन्हा सांगतो हं, विकणाऱ्यानं स्वतःच लिहिलं, बिघडलेला आहे!

बोलीची सुरुवात एक डॉलरपासून. पहिला आठवडा कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक बोली आली, तिच्यावर दुसरी चढली, आणि मुदत संपली तेव्हा आकडा होता १४ डॉलर ८३ सेंट. ओमिड्यारलाच राहवेना. त्यानं गिऱ्हाइकाला ईमेल धाडला: अहो, हा चालत नाही, वाचलंत ना? उत्तर आलं, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो!

याच ऑक्शनवेबचं १९९७ मध्ये ‘ईबे’ झालं. आणि बघा, एवढी झकास गोष्ट हाताशी असताना कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांनी वार्ताहरांना सांगितली भलतीच. म्हणे ओमिड्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ नावाच्या गोड गोळ्यांच्या डब्या जमवायचा नाद, तिच्यासाठी ही साइट निघाली. ती गोष्ट रचलेली होती, हे नंतर उघड झालं. जाहिरातवाल्यांना खऱ्याचं वावडं का असतं, देव जाणे. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

तर विकणाऱ्यांनो, दोष आधी लिहा. ओरखडा असो, तडा असो, त्याचा फोटो जवळून काढा. आणि ते ‘जवळजवळ नवीन’ लिहिणं सोडा. जवळजवळ नवीन म्हणजे जुनंच.

घेणाऱ्यांनो, जास्तीत जास्त किती देणार, ते आधी कागदावर लिहा. आधी, बोली तापल्यावर नव्हे! टपालखर्चही त्यातच धरा. बऱ्याच साइटवर ती रक्कम एकदाच भरायची, मग तुमच्या वतीनं यंत्रच गरजेपुरती बोली चढवतं. तुम्ही शंभर भरलेत आणि दुसरा साठावर थांबला, तर तुम्हाला साठाच्या जरासं वर पडतं, शंभर नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याचं हे गणित १९६१ साली एका अर्थतज्ज्ञानं मांडलं, त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं. नाव विल्यम विक्री. खरंच, उच्चार विक्रीच!

शेवटच्या दहा सेकंदांत झडप घालणारे भेटतात. चिडू नका, त्यांनी तुम्हाला फसवलेलं नसतं, घड्याळ वापरलेलं असतं. काही साइटवर उशिरा बोली आली की मुदत वाढते, तिथं झडप फुकट जाते. आपली साइट कुठल्या जातीची, ते आधी बघून ठेवा. खरी फसवणूक वेगळी: विकणाराच दुसऱ्या नावानं बोली चढवत बसतो. एकच खातं एकाच विक्रेत्याच्या मालावर सारखं बोली लावतंय आणि कधीच जिंकत नाही, असं दिसलं की तिथून निघा.

वेळ संपत आली. माझ्या कपाटात एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर आहे, आज रात्री तो मांडणार. वर्णनाचं पहिलं वाक्य तयार आहे: ‘बंद आहे’. दुसरं: ‘का बंद आहे, मला ठाऊक नाही’. नमस्कार.