ठोसा लागल्यानंतरचा सेकंद

७ ऑगस्ट २०२१. टोकियोचं निप्पॉन बुडोकान. कराटे पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलंय आणि पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाची अंतिम लढत सुरू आहे. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे आहे. तेवढ्यात त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला बसते. गंजजादे बेशुद्ध. स्ट्रेचर येतं. पंच एकमेकांशी बोलतात आणि निकाल देतात: वार न आवरल्याबद्दल हामेदी अपात्र, सुवर्णपदक गंजजादेला.

क्योकुशिन या फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे पूर्ण जोराने मारायच्या कराटेच्या स्पर्धेत ही किक बसली असती, तर हामेदी तिथल्या तिथे जिंकला असता. तिथे तीन सेकंद खाली राहिलेला खेळाडू हरतो. किक एकच, दोन्हीकडे तिची किंमत मात्र उलटी.

पॉइंट स्पॅरिंगचा, म्हणजे वार आवरून गुणांसाठी लढण्याचा हिशोब आधी पाहू. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत ठोशाला १ गुण, धडावरच्या किकला २ आणि डोक्यावरच्या किकला ३. वेग, ताकद, नेम सगळं हवं, पण वार आवरता आला पाहिजे. गुण दिसला की पंच ‘यामे’ (थांबा) म्हणतात, दोघं आपापल्या जागी परततात, पुन्हा सुरुवात होते. म्हणून इथे सगळी मेहनत पहिल्या वारावर घेतली जाते. हात-पाय पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर उभं राहायचं आणि समोरच्याने पाऊल उचललं की त्याच क्षणी आत शिरायचं. अंतर आणि वेळ यांची अशी जाण दुसऱ्या कुठल्याही सरावात इतक्या लवकर येत नाही. पॉइंट स्पॅरिंगला ‘शिवाशिवीचा खेळ’ म्हणून हसणाऱ्यांनी एखाद्या चांगल्या पॉइंट फायटरला नुसतं शिवून दाखवावं.

अडचण सुरू होते ती वार लागल्यावर. मुलं ठोसा मारतात, हात कमरेशी ओढतात, मान वळवून पंचांकडे बघतात. नियम खरं तर उलट सांगतो: वारानंतरही लक्ष समोरच्यावरच हवं. त्याला झान्शिन म्हणतात आणि त्याशिवाय गुण देऊ नये, अशी अपेक्षा असते. पण रोजच्या सरावात ‘यामे’ इतक्या वेळा ऐकू येतं की शरीर आधीच थांबायला शिकतं.

आता हाच खेळाडू फुल कॉन्टॅक्टमध्ये उतरवा. त्याचा पुढचा पाय पाहा. उभं राहणं तिरकं, बाजू समोर, झेप घ्यायची म्हणून वजन पुढच्या पायावर. समोरच्याची लो-किक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडी वर बसते. ती अडवायला गुडघा उचलून नडगी बाहेर वळवावी लागते. पण ज्या पायावर वजन आहे, तो वेळेत उचलणार कसा? पहिली किक नुसती झोंबते. दुसरी-तिसरी बसली की मांडी जड होते. ज्या झेपेवर त्याची सगळी भिस्त होती, ती झेपच संपते. उपाय साधा, पण कंटाळवाणा: पावलं थोडी जवळ, छाती थोडी समोर, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि ठोसा मारलेला हात कमरेशी न जाता थेट गालाशी.

फुल कॉन्टॅक्टवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. क्योकुशिनमध्ये डोक्याला किक चालते, हाताने चेहऱ्यावर मारणं चालत नाही. त्यामुळे दोघं छातीला छाती भिडवून उभे राहतात, हात खाली येतात. तेच बॉक्सिंग ग्लोव्ह घालून उतरले की साधा जॅबही, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, थेट नाकावर बसतो. अमेरिकेत १९७४ साली फुल कॉन्टॅक्ट कराटेच्या व्यावसायिक लढती सुरू झाल्या, तेव्हा बरेच जण किक सोडून नुसते ठोसेच मारू लागले. शेवटी दर फेरीत कमरेच्या वर किमान ८ किक मारायच्या, असा नियमच करावा लागला. नियम बदलला की सवय बदलते, दोन्हीकडे हेच.

मग क्लासमध्ये करायचं काय? दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या घ्या. पहिली फेरी पॉइंटची, थांबून. दुसरीत पहिला वार लागला तरी थांबायचं नाही: ज्याला लागला त्याने लगेच उत्तर द्यायचं आणि तीन सेकंद देवाणघेवाण चालू ठेवायची. चारांपैकी एकच फेरी घ्यायला वेळ असेल, तर ही घ्या. तिसरी फक्त धड आणि पाय, मध्यम जोरात, नडगीला शिनगार्ड लावून. चौथीत सगळं मोकळं, पण हलकं. माऊथगार्ड आणि ग्रॉइन गार्ड चारही फेऱ्यांत हवेतच. ग्लोव्ह १६ औंसांचे.

जोर किती, हे तोंडी ठरवून भागत नाही. आपण मारलेला ठोसा आपल्याला हलका वाटतो आणि खाल्लेला जड. म्हणून दोघंही नकळत चढत जातात आणि मिनिटभरात भांडण उभं राहतं. फेरीआधी दोघांनी एकमेकांच्या पोटावर एकेक ठोसा मारून दाखवावा आणि ‘इतकाच’ म्हणून कबूल करावा. जोर वाढला की प्रशिक्षकाने फेरी थांबवून तो ठोसा पुन्हा मारून घ्यावा. ओरडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

डोक्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कानाला मार कमी बसतो. पण हनुवटीवर हुक (बाजूने येणारा ठोसा) बसून डोकं गर्रकन वळतं, तेव्हा कवटीच्या आत मेंदू हलतोच. जाड ग्लोव्हचंही तेच. हौशी बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्ड २०१३ पासून काढण्यात आले आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याशिवायच लढले. पूर्ण ताकदीने डोक्यावर मारायचा सराव शाळकरी मुलांना आणि नवख्यांना अजिबात नको. अनुभवी स्पर्धकांनीही तो स्पर्धेच्या तयारीपुरता आणि मोजकाच ठेवावा.

फेरीत कुणी गडबडला, एकच प्रश्न पुन्हा विचारू लागला, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणाला, तर त्या दिवसाचं स्पॅरिंग तिथेच संपलं. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर थेट रुग्णालय. एरवीही डॉक्टरांना दाखवायचंच. पहिले एक-दोन दिवस आराम, मग हलकं चालणं, मग एकट्याने पावलांचा सराव, मग पंचिंग बॅगवर हलका सराव. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. त्रास वाढला की थांबून एक टप्पा मागे. जोडीदारासमोर उभं राहणं डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. त्रास पूर्ण गेला आणि नुसती परवानगी यायची बाकी असेल, तर त्याला पहिल्या फेरीचा पंच करावं. गुण मोजताना कोण कुठल्या अंतरावरून शिरतो आणि वार लागल्यावर कोण थांबतो, हे बाहेरून चांगलं दिसतं.