टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते पुरुषमंडळींशी. बायकांनी ऐकलं तर उत्तमच, पण हा विषय त्यांना नव्याने सांगायची गरज नाही.

रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेत. शेजारच्या घरात भांडी आदळतात, पोर रडायला लागतं आणि मग कुणाला तरी मारल्याचा आवाज येतो. आपण टीव्ही मोठा करतो. घरातलं कुणी बोललंच तर म्हणतो, "जाऊ दे, नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?" सकाळी तोच गृहस्थ जिन्यात भेटतो. "काय, निघालात का?" असं हसून विचारतो आपण. रात्रीचं आपण ऐकलंय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी आपण काही बोललो नाही, याचा अर्थही तो बरोबर लावतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे हे कुठल्या एका वस्तीत किंवा एका जातीत होतं, अशी समजूत नको.

मध्ये पडायचं म्हणजे कॉलर धरायची नाही. आपण चार शिव्या हासडून घरी येतो आणि त्याचा राग नंतर तिच्यावर निघतो. २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम झाली होती. तिच्यातली युक्ती अगदी साधी होती: दारावरची बेल वाजवायची. "जरा वाटीभर दूध मिळेल का?", "तुमच्याकडे पाणी येतंय का?" असं काहीही विचारा. उचललेला हात त्या क्षणी थांबतो, आणि बाहेर कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं. मात्र हातात कोयता-काठी असेल तर दाराशी जाऊ नका, सरळ पोलीस मदतीचा ११२ नंबर लावा.

खरं काम दुसऱ्या दिवशीचं. तो शुद्धीवर असताना, चारचौघांत नव्हे, एकट्याला गाठा. "राव, काल ऐकलं मी. हे बरोबर नाही." एवढंच बोला. "दारूच्या नशेत झालं," असं तो म्हणेल. त्याच नशेत साहेबाच्या कानाखाली कधी वाजवली का, हे विचारायला हरकत नाही. बायकोने सांगितलेलं तो उडवून लावेल, पण मित्राने सांगितलेलं त्याला झोंबतं. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांची संस्था याच भरवशावर तरुण मुलांशी बोलत आली आहे.

"तक्रार केली तर आपणच अडकू," असं पुष्कळांना वाटतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात याचं उत्तर आहे. हिंसा होतेय असं वाटलं तर शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी जोडीदार, सगळ्याजणी त्यात येतात.

वहिनींना मात्र "सोडून का जात नाही?" असं विचारू नका. घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहायचा हक्क कायद्याने त्यांना दिलाय. तो एकट्यात, शक्यतो आपल्या घरातल्या बाईमार्फत, त्यांच्या कानावर घाला. सोबत १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.